चौथे पान

चौदा वर्गांत मिळून दोनशे सहा पुस्तिका तयार झाल्या, आणि त्या प्रत्येकीचे चौथे पान कोरे होते.

पुस्तिका म्हणजे झीन: एका कागदाला घड्या घालून, मधोमध कात्रीने चीर देऊन केलेले आठ पानी चोपडे. कागद एकच, त्यामुळे वर्गात एका वेळी एकाच्याच हाताला काम मिळते आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. म्हणून तिने आणि तिच्या धाकट्या भावाने संगणकावर चालणारे असे साधन रचले होते, की गटातल्या प्रत्येकाने आपल्या पडद्यावर एकेक पान घ्यावे आणि शेवटी आठही पाने एकाच कागदावर छापून निघावीत. भाऊ जाऊन चार महिने झाले होते. दोघांनी मिळून केलेले तेवढेच काम आता उरले होते. ही गोष्ट ती, कोणी विचारलेच तर, कालचे तापमान सांगावे तशी सांगत असे.

चित्रकलेच्या बाईंनी कोऱ्या पानाचे कौतुक केले. त्यांना ती कलात्मक युक्ती वाटली. दोनशे सहा गटांना एकच युक्ती सुचावी, हे तिच्या गळी उतरले नाही. हे वर्ग चालवणाऱ्या महाविद्यालयाच्या समितीच्या पत्रात तर एकच ओळ होती: शनिवारपर्यंत उलगडा करावा, अन्यथा साधन बंद करण्यात येईल.

पहिला संशय तिने घडीवर घेतला. सपाट कागदावर चौथे पान उलटे पडते. पण दुसरे, तिसरे आणि पाचवेही उलटेच पडतात, आणि ती भरलेली होती. दुसरा संशय छपाईयंत्रावर. यंत्रे चार निघाली, आणि चारही नेमके तेच पान कोरे सोडत होती. गुरुवारी ती भाषेच्या सरांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसली.

कोणी पान घेतले की त्यावर छोटी पेन्सिल दिसे, आणि खाली ओळ: इथे कोणी विचार करत आहे. नाव दिसत नसे. बुजऱ्यांनाही लिहावेसे वाटावे म्हणून हा भावाचा हट्ट. पान घेणाऱ्याने सोडेपर्यंत ते दुसऱ्याला मिळू नये, हाही त्याचाच. तिने दहा मिनिटांची मर्यादा सुचवली, तेव्हा तो म्हणाला होता, "विचार करणाऱ्याच्या डोक्यावर घड्याळ धरू नये, ताई. तू धरतेस तसं."

तिने पुढच्या बाकावरच्या मुलीला चौथ्या पानाचे विचारले.

"तिथं कोणीतरी ठाण मांडून बसलंय, मॅडम. आम्हाला वाटलं, हाच. ह्याला एक ओळ सुचायला अख्खं सत्र लागतं."

"मी सातव्यावर आहे," शेजारचा म्हणाला. "तुझ्या चुका सहाव्यावरून इकडे सांडतायत, त्या पुसतोय."

वर्ग हसला. सर म्हणाले की प्रत्येक गटाला वाटते, अडलेला आपल्यातलाच कोणी आहे. मग कोण कशाला घाई करील? तिने सर्वांना साधनातून बाहेर पडायला सांगितले. पेन्सिली एकेक करून मावळल्या. चौथ्या पानावरची राहिली.

तिने तिथेच साधनाची नोंद उघडली, वेळ दोनदा वाचली आणि सरांचे आभार मानून घरी गेली.

आई चादरींच्या घड्या घालत होती. भावाच्या खोलीत संगणक चालू होता. आई रोज धूळ पुसायची, पण माऊस जागचा हलवत नसे.

"बंद करतेस?" आईने दारातून विचारले. "भिंतीपलीकडे त्याचा पंखा घरघरतो. तेवढ्यावर मला झोप लागते."

"बंद नाही करत. एक पान मिटायचंय फक्त."

आई चादरी उचलून गेली. पडद्यावर चौथे पान उघडे होते. त्यावर काहीही लिहिलेले नव्हते. तिने खात्रीसाठी ते शेवटपर्यंत खाली सरकवून पाहिले, मग मिटले. पंखा चालूच राहिला. तिने त्याच खुर्चीत बसून समितीला लिहिले:

"प्रत्येक गटाची कोरी पुस्तिका साधनातल्या एका मूळ पुस्तिकेची नक्कल म्हणून निघते. मूळ पुस्तिकेचे चौथे पान माझ्या सहकाऱ्याने चार महिन्यांपूर्वी, मंगळवारी, सकाळी अकरा चाळीसला घेतले आणि पाच मिनिटांनी तो दूध आणायला खाली उतरला. तो परत आला नाही. त्याचा संगणक बंद करू नये, असे मी घरात सांगितले होते. त्यातले काम काढून घेणार होते, ते काढले नाही. संगणक चालू असल्याने साधनाच्या लेखी तो अजून त्या पानावर होता, आणि प्रत्येक नकलेत ते पान त्याच्याच नावे अडकलेले निघत होते. आज ते सोडवले आहे."