पातेल्यात काय आहे

आमचे हे, शलमोन सर, नगरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात. मी मरिया, त्यांची बायको. संध्याकाळचा स्वयंपाक मी चारलाच उरकते. हे सरळ घरी येणार असं वाटलं तर ह्यांच्या आवडीची हुलग्याची शेंगोळी. वाटेत दिल्ली दरवाजाजवळ भजी खाऊन येणार असं वाटलं तर नुसतं पिठलं. माझा अंदाज कधीच चुकत नाही.

ह्यांनी त्याचंच कोडं केलं. सहा वाजता कॉलेज सुटतं तेव्हा पातेल्यात जे आहे ते आहे. भजी खाल्ली म्हणून शेंगोळ्यांचं पिठलं होत नाही. मग खावीत की! पण खाल्ली की घरी हमखास पिठलंच. हे कोडं वर्गात गाजलं आणि नको तिथे पोचलं. कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब, तिसगावचे, तडकले, "असल्या कोड्यांचा कुनाला उपेग? वर्ग बंद करा!" वर्ग गेला की ह्यांची नोकरी जाणार, कॉलेजने दिलेलं सावेडीतलं घरही. मला घास गोड लागेना.

शेवटी ह्यांनी आप्पासाहेबांना जेवायला बोलावलं. सकाळी म्हणाले, "आज सरळ घरी येतो. शेंगोळीच कर."

मी पिठलं केलं.

दोघे आले ते मिशीला भज्यांचं तेल लावून. वाटेत ह्यांनी कोडं नीट समजावून सांगितलं होतं आणि आप्पासाहेबांनी भज्यांच्या गाडीपाशीच निकाल दिला होता, "पातेलं काय बघाया येतंय? खा, सर!"

मी वाढलं. ह्यांचा चेहरा पडला. आप्पासाहेब पिठल्याकडे बघतच राहिले.

"वैनी, तुमाला कसं कळलं? आमचं तर गाडीपाशी ठरलं."

"तुमचं तिथे ठरलं. ह्यांचं सकाळीच ठरलेलं असतं. भजी खायची असली की हे न सांगता पाणी भरतात. आज तर अंगणही झाडलं."

आप्पासाहेब खो खो हसले आणि मधेच त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"मी नगरात मुक्काम करनार असलो," ते हळूच म्हणाले, "की सकाळी आमच्या कारभारनीशी, चांगुणाशी, लई गोड बोलतो. तिला कळतच आसंल. मग सांजच्याला वाटतं, चूल इझली आसंल, आता जाऊन तरी काय? म्हनून ऱ्हातो."

"आज बोललात गोड?"

"लई." त्यांनी भराभर जेवण संपवलं. "तिसगावची शेवटची गाडी घावंल का?"

"पण चूल विझलेली असेल ना!" हे म्हणाले.

"आसू द्या. आज इझलेली आसंल. पर आज गेलो न्हाई तर ती रोजच इझंल." पायात वहाणा सरकवत ते दारात थांबले. "वर्ग चालू ऱ्हाऊ द्या, सर. मी बघतो."

मला रडूच आलं, आणि हसूही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाय पसरून पेपर वाचत बसले. पाण्याच्या हंड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी गुणगुणत सगळं पाणी एकटीने भरलं आणि हुलग्याच्या पिठाचा डबा खाली काढला.