टोमॅटोचा दुसरा बाप

देवानंद सरांनी दसऱ्याआधी नोटीस लावली: प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्राला हळदकुंकू लावू नये. खाली सही, सहीखाली पीएचडी. आमच्या जालन्यात दसऱ्याला जेसीबीलाही हार घालतात, आणि हे निघाले विज्ञानवादी! मला मात्र बरंच वाटलं. मी प्रियदर्शनी, या बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली तपासनीस. पूजा कुणीही करो, तांदूळ पुसायचं काम माझ्याच गळ्यात येतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीच्या नंदाबाईंनी कंपनीसाठी पिकवलेलं टोमॅटोचं बियाणं तपासलं. संकरित बियाण्यासाठी आईच्या फुलावर बापाचे पराग हातानं लावावे लागतात. ते नीट लागले का, हे आम्ही रोपांच्या डीएनएवरून बघतो. एकेका नमुन्याचा डीएनए जेलच्या वडीतल्या वेगळ्या घरात सोडायचा, वडी अतिनील दिव्याच्या काचेवर ठेवायची, की रेघा चमकतात. एक आईची, एक बापाची. दिव्याची पेटी बंद असते, आपल्याला दिसतो तो संगणकावरचा काळापांढरा फोटो. त्या दिवशी फोटोत तिसरीच एक रेघ होती.

"भेसळ!" सर म्हणाले. दुसऱ्याचं चुकलं की त्यांचा चेहरा असा काही खुलतो! फेल झालं असतं तर सगळं बियाणं जाळलं असतं आणि नंदाबाईंना पुन्हा कधी कंपनीचा बियाण्याचा प्लॉट मिळाला नसता. सरांनी त्यांना बोलावून घेतलं.

"तुमच्या टोमॅटोला दुसरा बाप निघालाय, नंदाबाई."

"दुसरा? चाळीस दिवस चिमटा घेऊन एकेक फूल राखलं म्या. शेडनेटमधी माशी शिरू दिली न्हाई, अन् बाप कुठून शिरला?"

"विज्ञान खोटं बोलत नाही."

नंदाबाईंनी पदराला हात पुसून फोटो घेतला. बराच वेळ बघितला. "पोरी, हे शेवटचं घर कोणाचं?"

"त्यात बियाणं नसतं, मावशी. नुसतं पाणी. ते कोरंच दिसायला हवं, नाहीतर चूक आमच्या तपासणीत."

"त्यात बी रेघ हाये की. आई न्हाई, बाप न्हाई, अन् तिसरा बराबर हजर! पाण्याला बी नवरा करून दिला का तुम्ही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेच घर आधी बघायचा पगार मी घेते. तोंडावर संरक्षक पारदर्शक मुखवटा ओढला, पेटी उघडली, वडी उचलली, दिवा लावला. काच रिकामी, तरी रेघ चमकतच होती. आमचा डीएनए नारिंगी चमकतो, ही पिवळीहिरवी होती. कुणीतरी तेलात कालवलेल्या हळदीचं बोट काचेवर आडवं ओढलं होतं.

"कुणाचा हा अडाणीपणा?" सर कडाडले. "नोटीस वाचता येत नाही?" आणि त्यांनी काचेकडे बोट रोखलं.

त्यांच्याच नखाच्या कडेनं तेच पिवळंहिरवं चमकत होतं.

सरांनी हात खिशात घातला. "घरून सांगितलं होतं," ते पुटपुटले, "एवढं महागाचं यंत्र आहे, म्हणून..."

मी काच स्पिरिटनं पुसली, वडी परत ठेवली, पुन्हा फोटो काढला. आई, बाप, बास. पाण्याचं घर रिकामं.

नंदाबाईंनी अहवालाचा कागद सरांपुढे सरकवला.

"लिहा, साहेब. शुद्ध. अन् हात खिशातून काढा आधी."