रांगोळीवरचा भुसा

मी एक जुनी तुळई आहे आणि मित्रांनो, आधीच कबूल करते, मी भयंकर भित्री आहे. तुळई म्हणजे घराचा भार पेलणारं आडवं लाकूड. तिनेच भिऊन कसं चालेल, असं तुम्ही म्हणाल. पण माझी हकिकत ऐका आणि मग काय ते ठरवा.

दापोडीला रेल्वेलाइनजवळ एक झाडांचा रस्ता आहे. त्यावर साहेबाच्या काळातले सहा बंगले ओळीने उभे आहेत. उतरती कौलं, उंच जोती, पुढे लाकडी सज्जे. एका संस्थेने ते जपून ठेवले आहेत. रविवारी लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात आणि माना वर करकरून हा रस्ता बघत फिरतात. तिसऱ्या बंगल्याचा सज्जा माझ्या डोक्यावर होता.

आता एक गोष्ट सांगते, ती चाळीस वर्षं पोटात ठेवली होती. मी मूळची त्या बंगल्यातली नव्हेच. मूळची तुळई सागाची होती. वादळात तिच्यावर गुलमोहराची जाड फांदी कोसळली आणि ती मोडली. ठेकेदाराने कागदावर साग लिहिला आणि लावलं मला. मी आंब्याची! मोशीला इंद्रायणीकाठच्या मळ्यात वाढलेली. पोरांनी अंगावर चढून कैऱ्या पाडाव्यात, एवढीच माझी हिंमत.

"काळपट पॉलिश चढवलं की झाकली मूठ सव्वा लाखाची," असं ठेकेदार म्हणाला. सुताराला मात्र राहवलं नाही. तो म्हणाला, "हिला ओल लागली तर काही खरं नाही बघा." त्या दिवसापासून माझ्या जिवात जीव नाही.

तसं माझं कौतुक फार झालं. बंगले दाखवणारा ओंकार माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "ही बघा, सव्वाशे वर्षांची सागाची तुळई. अजून कशी ठणठणीत!" लोक आ वासून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सज्ज्यात कुणी चाललं की मी भीतीने करकरायचे. तर लोक म्हणायचे, "अहाहा, जुन्या घराचा आवाज!" आणि मोबाइलमध्ये तो भरून घ्यायचे. सांगा, कुणाकडे दाद मागायची?

मग एका पावसाळ्यात माझ्या वरचं कौल फुटलं. कुणी लक्ष दिलं नाही. भिंतीतून पाणी झिरपलं, माझं टोक भिजत राहिलं आणि पाठोपाठ कीड लागली. मित्रांनो, आपल्याच पोटात कुणीतरी रात्रंदिवस कुरतडतंय, हे कळत असताना डोक्यावर माणसं हसतखेळत उभी असतात. ती भीती शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

मला बोलता येत नाही. पण सकाळी लोकल धडधडत गेली की रस्ता थरथरायचा आणि माझ्यातून चिमूटभर पिवळा भुसा खाली पडायचा. तेच माझं ओरडणं. वाटायचं, आज कुणीतरी बघेल, आज तरी विचारेल.

पण खाली छबूबाई होती ना! छबूबाई म्हणजे बंगल्याची झाडलोट करणारी, दापोडीचीच जुनी रहिवासी. बाई भलती टापटिपीची. फिरायला येणाऱ्यांना कणभर केर दिसता कामा नये, म्हणून भल्या सकाळी येऊन सगळं लख्ख करायची. माझा भुसाही झाडांच्या कचऱ्याबरोबर सुपलीत जायचा. तिचं काहीच चुकत नव्हतं. पण माझी हाक रोज कचऱ्याच्या बादलीत जात होती.

गेल्या दिवाळीआधी संस्थेने रंगकाम काढलं. मला वाटलं, आता तरी कुणी ठोकून बघेल. रंगाऱ्याने माझ्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वरून चकचकीत तपकिरी रंग फासला आणि तो निघून गेला. मी आतून पोकळ आणि बाहेरून नवरी!

मग आला तो रविवार. ताथवड्याच्या एका शाळेची चौथीची मुलं बंगले बघायला येणार होती. शाळेतली पोरं येणार म्हणून छबूबाईने सज्ज्याखालच्या फरशीवर मोठी कमळाची रांगोळी काढली. लोकल गेली. पांढऱ्या पाकळ्यांवर पिवळी भुकटी पडली.

"आरं देवा, माझ्या रांगोळीत हळद कुणी वतली?" ती वैतागली. पुसून तिने पुन्हा कमळ काढलं. दुसरी गाडी गेली, पुन्हा तेच. बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने वर पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं कौतुक न करता माझ्याकडे बघत होतं.

"ह्यो त्योच भुसा! आन् मी मेली रोज झाडून टाकती!"

ती धावत ओंकारकडे गेली. "ओंकारदादा, वरच्या लाकडात कायतरी हाय. पोरास्नी वर धाडू नगा."

"मावशी, परवाच रंग दिलाय. आणि साग आहे तो, सागाला कधी काही होतं का?" ओंकार हसत म्हणाला.

तेवढ्यात मुलं आलीच. दीपमालाबाई, म्हणजे त्यांच्या वर्गशिक्षिका, म्हणाल्या, "चला, सज्ज्यात उभे राहा, फोटो काढू." मुलं जिन्यावरून दडदडत वर गेली. पाच, सात, अकरा! माझं भिजलेलं टोक भिंतीतून बोटभर सरकलं. मी जीव खाऊन करकरले. मुलं टाळ्या पिटून म्हणाली, "आणखी एकदा, आणखी एकदा!" आणि नाचू लागली. देवा, मी त्यांना खाली पाडणार होते. माझ्या हातून ती पडणार होती!

छबूबाईने जळमटं काढायचा लांब बांबू उचलला आणि त्याचं टोक माझ्या पोटात खुपसलं. रंग पापडासारखा फुटला. बांबू वीतभर आत गेला आणि भुशाची धार लागली. ओंकारचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाचू नगा, लेकरांनो! भिंतीला चिकटा आन् एकेक जण माघारी जा!" छबूबाई ओरडली. दीपमालाबाई जिना चढून सज्ज्याच्या दाराशी धावल्या. त्यांनी एकेकाला हात धरून आत ओढलं. मी मोजत होते. नऊ, दहा. अकरावं पाऊल उचललं गेलं आणि मग मात्र माझा धीर सुटला. मी कडाडून मोडले. छबूबाई तोवर बाजूला झाली होती, खाली फक्त रांगोळी होती.

ओंकार पायरीवर बसून रडला. तिथे आता लोखंडी तुळई आहे. माझा शाबूत राहिलेला तुकडा छबूबाईने मागून घेतला आणि त्याचा पाट करून घेतला. रोज सकाळी ती माझ्यावर बसून रांगोळी काढते. तिचं एकटीचं वजन मला झेपतं, तेव्हा भीती वाटत नाही.

पण मित्रांनो, लोकल गेली की अजून माझं अंग शहारतं. आमच्या ओळीत आणखी पाच बंगले आहेत. त्यांनाही तोच रंग दिलाय आणि तिथलं अंगणही पहाटेच झाडून लख्ख होतं. जुनं घर बघायला गेलात तर नुसता रंग बघून वाहवा करू नका. एकदा बोटाने ठोकून बघा. आणि मग खालच्या फरशीकडेही बघा. त्या अंगणांत कुणी रांगोळी काढत नाही.