महादेवरावांच्या पोटावरचा गडवा

गडव्यातलं पाणी नाचलं आणि सगळा मंडप उभा राहिला. बाया हात जोडून, पोरं मोबाइल वर धरून आणि पुढच्या ओळीतले मानकरी तोंड उघडं टाकून. "हललं! बाळ हललं!" असा गलका झाला, ढोल वाजला. बाजेवरची बाई पदर सावरत खाली उतरली आणि तिच्या जागी पुढची पोटुशी चढली.

मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावात त्या हिवाळ्यात गडवाबाबा उतरले होते. अचलपुरात विचारलं तर लोक सांगत, बाबा बाळापूरचे. बाळापुरात विचारलं तर कळे, अचलपूरचे. त्यांचं काम एकच. पोटुशा बाईला बाजेवर निजवायचं, तिच्या पोटावर लाल मखमलीची चुंबळ ठेवायची, चुंबळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी गडवा ठेवायचा आणि हात वर करून ओरडायचं, "ऊठ रे राजा, हुंकार दे!" लगेच पाण्यावर बारीक लाटा उठत. बाळानं हुंकार दिला! तिसऱ्या बाईपासून तर सगळा मंडपच बाबांसोबत ओरडायला लागला होता.

दोन बायांच्या मधे बाबांचं प्रवचन चाले.

"डॉक्टर लोक काय म्हणते? बाळाची हालचाल कमी झाली, या, मशीन लावा! अरे बावा, शेवटच्या महिन्यात बाळ मौन धरते. ध्यानाले बसते! ध्यानाले बसलेल्या ऋषीले तुमी सुई टोचता काय?"

"नाही!" मंडप म्हणाला. ज्या गावात जेवताना कोणी घटकाभर गप्प बसत नाही, त्या गावाला मौनाचं भारी कौतुक.

मी तिथे गेले ती नीलमसाठी. नीलम म्हणजे माझ्या शेजारच्या महादेवरावांची सून. नववा महिना लागलेला. रोज संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की पोटातलं बाळ लाथा मारायला लागे. "आजी, हेबी माह्यासंगं भाकर थापते," असं ती हसून सांगायची. आदल्या संध्याकाळी त्यानं थापली नाही. रात्री एखादी चुळबुळ झाली तेवढीच. सकाळी तेही नाही.

तिनं सासूला, केशरबाईला सांगितलं. केशरबाई म्हणाली, "जागा पुरत नसन त्याले आता. एवढं मोठं झालं, हातपाय कुठी हलवन?"

तिनं पुण्यातल्या नवऱ्याला फोन केला. पियुष म्हणाला, "आई म्हणते तसं कर."

शेवटी तिनं उपकेंद्रातल्या पौर्णिमा सिस्टरला फोन केला. सिस्टर म्हणाली, "जागा कमी पडली म्हणून बाळ हलायचं थांबत नाही, नीलम. उद्या नको, आत्ता अकोल्याला निघ. मी तिथं फोन करून ठेवते."

नीलमनं पिशवी भरली. केशरबाईनं ती पिशवी खुंटीला टांगली. "आधी दर्शन, मंग दवाखाना. बाबा उद्या चालले. दवाखाना कुठी पळून राहिला?"

म्हणून मी मागोमाग गेले. केशरबाईला ते काही रुचलं नाही.

"तुमी लोक देव मानत नाही आजी, तुमी इथं काहून आल्या?"

"देव नसन मानत, पण गडवा मानते ना माय," मी म्हटलं. "रोज त्यातूनच पाणी पेते."

नीलम बाजेवर निजली. चुंबळ आली, गडवा आला. बाबांनी हात वर केले. "ऊठ रे राजा, हुंकार दे!" मंडपानं साथ दिली. पाणी थरथरलं. केशरबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "हललं व माय, हलला माहा नातू!"

नीलम छताकडे पाहत होती. ती म्हणाली, "नाई हललं."

"काय?"

"मले आत काहीच लागलं नाई, आत्याबाई."

बाबा गोड हसले. "बेटी, हे सूक्ष्म हालचाल हाय. आईले समजत नाही, भक्ताले समजते."

"बाळ माह्या पोटात हाय का भक्ताच्या?" नीलमनं गडवा आपल्या हातानं उचलून बाजूला ठेवला. मग कोपर टेकून ती उठून बसली. "वरून गुदगुल्या झाल्या फक्त. कमरेले खोचलेला मोबाइल वाजला तं होतात ना, तशा."

पुरुषांना हे कळलं नाही. बायांना कळलं. आमच्याकडे बाई निंदायला गेली, धुवायला गेली, तरी मोबाइल कमरेलाच खोचते. चार-दोघींचे हात आपसूक कमरेकडे गेले.

"चूप व," केशरबाईनं तिला दटावलं. "एवढ्या लोकांनं पाहलं, ते काय खोटं?"

तेवढ्यात मागून चंदा उठली. चंदा आमच्याच गल्लीतली. दसऱ्याच्या सुमारास ती बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि रिकाम्या ओटीनं परत आली होती. तेव्हापासून ती चार माणसांत बोलत नसे. ती बोलली, आणि ढोलवाल्याची टिपरी हातातच राहिली.

"माह्या माहेरीबी हेच बाबा आले होते. माह्यं लेकरू गप झालं म्हणून मले आणलं. माह्या पोटावरबी पाणी असंच नाचलं. मी खुशीत घरी गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण म्हणे, लेकरू जाऊन दोन दिवस झाले." ती बाबांकडे पाहत होती. "मंग तवा हललं कोण, बाबा?"

बाबांचं ध्यान लागलं. डोळे मिटले, ओठ हलू लागले. उत्तर सुचत नसलं की बाबा लोकांना समाधी फार लवकर लागते.

"असं करू," मी म्हटलं. "हा गडवा दुसऱ्या कोणाच्या पोटावर ठेवून पाहू."

"पुरुषाच्या पोटावर ठेवला तं घोर पाप!" बाबांची समाधी झटकन उतरली.

आता मला मदत झाली ती बाबांच्या सगळ्यात मोठ्या भक्ताची. महादेवराव पुढच्याच ओळीत लोडाला टेकून बसले होते. मंडप त्यांचा, जेवण त्यांचं आणि गावातलं सगळ्यात भरदार पोटही त्यांचंच. ते गरजले, "ठेवा माह्या पोटावर! माह्या पोटात बाळ नाही, पाणी हलनार नाही. बाबाची सच्चाई समद्या गावाले दिसन!"

"महादेवराव, नको, नको," बाबा काकुळतीला आले.

"तुमी भेऊ नका बाबा, मी हाय ना!" असं म्हणून महादेवरावांनी सदरा वर केला आणि बाजेवर पाठ टेकली.

मी चुंबळ उचलली. जन्मभर डोक्यावर चुंबळी वागवल्या, पण एवढी जड कधी हातात आली नाही. ती त्या पोटावर बसवली, वर गडवा ठेवला. बाबांनी तोंड गच्च मिटून घेतलं होतं. पण पोरांना ते बोल पाठ झालेले. त्यांनी सुरुवात केली आणि अख्ख्या मंडपानं उचलून धरलं, "ऊठ रे राजा, हुंकार दे!"

पाणी नाचलं. नुसतं नाचलं नाही. सैल पोट, काठोकाठ गडवा, पाणी हिंदकळून महादेवरावांच्या बेंबीत गेलं.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मायबाई! महादेवरावाले कितवा लागला व?"

मंडप हसून फुटला. मी गडवा खाली ठेवून चुंबळीची शिवण ओढली. आत कापूस, आणि कापसात थरथरणारा मोबाइल. त्यावर 'चेला' असं नाव झळकत होतं. कोणीतरी बाबांच्या मागचा पडदा ओढला. चेला एका हातात चिवड्याची ताटली आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बसला होता. "मले का दिसते बावा, कोणाचं पोट होय ते?" तो म्हणाला. "हुंकार म्हटलं की फोन लावाचा, एवढंच सांगतलं हाय मले."

एवढंच होतं ते दैवत. भरलेला गडवा ठेवायचा तर खाली चुंबळ हवीच, हे आमच्या हाडात मुरलेलं. म्हणून सगळे पाण्याकडे पाहत राहिले, चुंबळीकडे कोणी पाहिलं नाही.

लोक अजून हसत होते. कोणी चित्रण करत होतं, कोणी बाबांची दाढी खरी की खोटी ते ओढून बघत होतं. त्या गोंधळात नीलमचा आवाज चढला.

"हसाचं तं मंग हसा! माह्यं बाळ कालपासून गप हाय. मले दवाखान्यात न्या!"

महादेवराव ओल्या पोटानं उठले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग चंदाकडे. बाबांच्या कमरेची किल्ली त्यांनी हिसकावली. मंडपाजवळ गाडी होती ती एकच, बाबांची, हार घातलेली. चेल्याच्या हातातली ताटली काढून त्याला चालवायला बसवलं. नीलम, केशरबाई, मी, आणि न बोलावता चंदा. त्या गाडीला पुण्य घडलं असेल तर त्याच दिवशी. बाबांना महादेवरावांनी पोलिस येईपर्यंत त्याच बाजेवर बसवून ठेवलं. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे आहे, तो अशांसाठीच.

अकोल्याच्या दवाखान्यात पौर्णिमा सिस्टरचा फोन आधीच पोहोचला होता. नीलमच्या पोटाला पट्टे बांधले, मशीनवर बाळाचे ठोके उमटायला लागले. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटातलं पाणी फार कमी झालंय. ठोके मधेच मंदावतात. वाट पाहण्यात अर्थ नाही, ऑपरेशन करावं लागेल."

केशरबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. एकदा चंदाचा हात धरायला गेली, पण चंदानं तो धरू दिला नाही.

मुलगी झाली. लहानखुरी, निळसर. आधी रडलीच नाही. आत सगळ्यांची धावपळ चाललेली दाराच्या काचेतून दिसत होती. मग रडली. बारीक, चिडल्यासारखं. बाहेर आम्हाला ऐकू आलं.

केशरबाईनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाई, उद्या आणलं असतं तं?"

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आज आणलंत, हे बरं केलंत."

तेव्हा केशरबाई स्वतःहून चंदासमोर उभी राहिली. "तुले कोणी विचारलंच नाई ना व पोरी," म्हणाली. चंदा म्हणाली, "सांगतलं होतं मी तवा, लेकरू गप हाय म्हणून. कोणी ऐकलं नाई."

मी उशिरा लिहायला शिकले, म्हणून घोळवून लिहिता येत नाही. बाळ गप्प झालं की ध्यानाला बसत नाही. ते अडचणीत असू शकतं. शेवटच्या महिन्यातही त्याची जी रोजची हलायची रीत आहे ती कमी झाली, तर त्याच दिवशी, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी. काल जाऊन आला असाल तरी. गार पाणी पाजून, गोड खाऊ घालून वाट पाहत बसायचं नाही. बाजारातलं मशीन आणून घरीच ठोके ऐकून समाधान मानायचं नाही. सगळं ठीक निघालं तर हसत घरी या. नीलमची डॉक्टरीण म्हणाली, ठीक निघालेल्या बाईवर आम्ही कधी रागावत नाही.

एवढा मोठा मंडप गडव्याकडे बघत होता. ज्या बाईच्या पोटात बाळ होतं, तिला, बाळ नेहमीसारखं हलतं का, हे एकानंही विचारलं नाही. ते विचारा. आणि ती "कमी" म्हणाली, की वाद घालू नका, गाडी काढा.