भिंतीपलीकडचं कडवं

टायर्नीबाईंनी डर्व्हलाच्या कवितेतल्या शेवटच्या कडव्याच्या वर पट्टी ठेवली आणि कागद टर्रकन फाडला. चार ओळींची ती चिंधी त्यांनी घडी घालून पर्समध्ये टाकली.

"आता कशी गोंडस दिसते! फादरनाही आवडेल."

"मुंडी उडवलेल्या कोंबडीसारखी दिसते, बाई," डर्व्हला म्हणाली.

"जिभेला काही हाड? रविवारी काउन्सिलर येणार आहेत. कबरींवर पवित्र पाणी शिंपडायचा दिवस तो. त्या दिवशी राजकारण कशाला?"

"शेतावर डांबर ओतायचं ते राजकारण नाही, आणि मी चार ओळी लिहिल्या की राजकारण?"

बाईंनी पर्स खटकन बंद केली. "वरची तीन कडवी वाच. नाहीतर वाचूच नकोस."

दफनभूमीच्या भिंतीपलीकडचं ते शेत गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पूर्वी पवित्र जमिनीत जागा नसे. बाप खोकं काखेत धरून एकटाच तिथे जाई, खड्डा खणे, उशाशी एक ओबडधोबड दगड ठेवी आणि घरी येऊन गाईंचं दूध काढायला बसे. नाव नाही, नोंद नाही. डर्व्हलाने गवत बाजूला सारून मोजले होते, एक्केचाळीस दगड. सोमवारी तिथे काउन्सिलचं यंत्र येणार होतं. दफनभूमीला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती म्हणे.

रविवारी समुद्रावरून असा वारा सुटला होता की बायकांनी टोप्या हातातच धरल्या होत्या. प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी उभं होतं. या दिवशी बॉस्टनहूनसुद्धा माणसं येतात. आपल्या माणसांपाशी जो उभा दिसला नाही, त्याची गावभर वर्षभर चर्चा.

फाटकापाशी म्हातारा फेस्टी बादली भरत होता. चाळीस वर्षं तो चर्चची घंटा, मेणबत्त्या आणि ही बादली सांभाळत होता.

"काय गं कवयित्रीबाई, पाय लटपटतायत?"

"माझे नाही. तुमची बादली हिंदकळतेय, काका."

"ती चाळीस वर्षं हिंदकळतेय. मोठ्याने वाच हं. डावा कान म्हातारपणाने गेलाय, उजवा फादरच्या उपदेशांनी."

तिने तीन कडवी वाचली. टायर्नीबाई घाईघाईने टाळ्या वाजवायला लागल्या. डर्व्हला कागदाच्या फाटक्या कडेकडे पाहत उभी राहिली.

"अजून एक आहे," ती माइकमध्ये म्हणाली.

फादर गिल्डेंनी मागे न बघता बोट हलवलं. फेस्टीने बादली खाली ठेवली आणि लाउडस्पीकरचं बटण बंद केलं. खट्ट.

मोठ्याने वाच म्हणणारा हाच का तो! डर्व्हलाचे कान तापले. तिने माइक गवतावर ठेवला आणि सरळ पणजोबांच्या कबरीच्या कठड्यावर चढली. पणजोबा चिडले तर चिडोत. कागद तिला लागणारच नव्हता. फाडलेल्या ओळी काय डोक्यातून फाटतात?

"चर्चनं माती नाकारली, सरकारनं वहीतली ओळ.
उद्या चाकं फिरतील त्यांच्या इवल्या छातीवर.
आज जो तो उभा आहे आपल्या माणसांपाशी.
सांगा, भिंतीपलीकडे कोण उभं आहे?"

आवाज वाऱ्यावर चढून पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. काउन्सिलर आपल्या बुटांकडे पाहू लागले. टायर्नीबाईंचे हात टाळीच्या मधोमध थांबले होते.

"फेस्टी, पाणी," फादर म्हणाले आणि त्यांनी शिंपडायची पितळी दांडी बादलीत बुडवायला दरवर्षीसारखी न बघता मागे केली.

दांडी हवेतच राहिली.

फेस्टी बादली घेऊन फाटकाबाहेर पडला होता. दुखरा गुडघा ओढत, भिंतीच्या कडेकडेने, पाणी सांडत. शेतात गवत मांडीएवढं होतं, पण त्याला शोधावं लागलं नाही. काटेरी झुडपाजवळच्या एका दगडापाशी त्याने बादली ठेवली, टोपी काढली आणि हात जोडून उभा राहिला.

इतकी वर्षं तो फादरच्या मागे चालत आला होता. त्याची माणसं कुठे आहेत, हे कुणी विचारलंच नव्हतं.

भिंतीच्या अलीकडे फादरच्या हातातली दांडी कोरडी होती. पाणी पलीकडे होतं.

डर्व्हला कठड्यावरून खाली उतरली नाही.