न खाजणारा अळू

शनिवारी सकाळी फोनवर सूचना आली की रात्री तापमान तीस फॅरनहाइटवर, म्हणजे शून्याच्याही खाली, उतरणार आणि फ्रॉस्ट पडणार. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या समस्त मराठी घरांत एकच धावपळ उडाली. कढीपत्त्याच्या कुंड्या कडेवर घेऊन लोक गराजकडे निघाले, मिरच्यांच्या झाडांवर जुन्या चादरी पडल्या, चादरींच्या कोपऱ्यांवर विटा आल्या आणि हिरवे टोमॅटो घमेलं भरून घरात आले. अशा दिवशी माणसं हवेला शिव्या घालतात. सुमेधा मात्र ओट्याशी उभी राहून चक्क गुणगुणत होती.

कारण फ्रॉस्ट पडणार म्हटल्यावर प्रतिमाला तिचा अळू काढणं भाग होतं. अळूची पानं एका रात्रीत उकडलेल्या पालकासारखी काळी पडून लोळतात. कंद जगवायचे तर त्याआधीच खणून, वाळवून, कागदात गुंडाळून बेसमेंटमध्ये ठेवावे लागतात. आणि नेमकी प्रतिमाची कंबर चार दिवसांपासून धरली होती. तिचा नवरा शैलेंद्र, त्याला अळू आणि दुधी यांतला फरक ताटात वाढल्यावरच कळायचा. सुमेधाने लगेच मेसेज टाकला, 'मी येते गं हेल्पला.' प्रतिमाने तीन बदाम पाठवले. त्या अळूचा एक कंद पळवायचा बेत सुमेधाने आठवडाभर आधीच पक्का केला होता.

सुमेधा काही चोर नव्हती. पण प्रतिमाचा अळू खाजत नसे, आणि या एका गोष्टीवर प्रतिमा गेली सहा वर्षं तिथल्या मराठी मंडळात मिरवत होती. तिच्या अळूवड्या आल्या की मोरेश्वरकाका डोळे मिटून पहिला घास घेत. काका मूळचे रत्नागिरीचे आणि मंडळात वयाने सगळ्यांत मोठे, त्यामुळे खाण्यापिण्यातला शेवटचा शब्द त्यांचा. "ही अस्सल कोकणातली चव," ते म्हणत. "नाहीतर ते गुजराती पात्रे, म्हणे त्याही अळूवड्याच. गोडमिट्ट." प्रतिमा मान खाली घालून हसायची. वड्या ती डबे भरभरून वाटायची, पण कंद मागितला की तिचं काहीतरी निघायचंच. यंदा पिल्लंच धरली नाहीत, किंवा माझ्या मातीतच तो तसा येतो गं, दुसरीकडे बिघडतो.

गेल्या वर्षी गणपतीत प्रतिमा पुण्याला गेली होती, तेव्हा वड्या करायचं सुमेधाने हौसेने अंगावर घेतलं. ग्रोसरीतून कंद आणून तिने अळू लावला, वाढवला. चिंच घातली, हाताला तेल लावलं, शिरा काढल्या, सगळं शास्त्राप्रमाणे केलं. तरी चाळीस माणसांचे घसे धरले. मोरेश्वरकाकांचं अध्यक्षीय भाषण तिसऱ्या वाक्यातच आटपलं. त्याबद्दल दोनतीन जणांनी तिचे आभारही मानले, पण ते खाजगीत. चारचौघांत मंडळाच्या जेवणांच्या याद्या करणारी ज्ञानदा म्हणाली, "जाऊ दे गं, नागपूरकडे अळूची सवय नसते ना फार." तेव्हापासून प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकच्या यादीत सुमेधाच्या नावापुढे फक्त कागदी प्लेट्स आणि नॅपकिन लिहिलेले असत. बावीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई ती. तेव्हा ती सगळ्यांसमोर हसली होती आणि मग गाडीत बसून रडली होती. तिला तो डाग धुऊन काढायचा होता, आणि त्यासाठी न खाजणारा अळू हवा होता.

दुपारी ती पोचली तेव्हा प्रतिमा कमरेला पट्टा बांधून डेकवर खुर्चीत बसली होती आणि बसल्या जागेवरून घर चालवत होती. शैलेंद्र मोगरा, जास्वंद आणि लिंबाची कुंडी एकेक करून आत नेत होता.

"ग्लोव्हज घाल गं," प्रतिमा म्हणाली. तिने दोन जोड्या काढून ठेवल्या होत्या, कोपरापर्यंत येणाऱ्या.

"कशाला? तुझा अळू थोडाच खाजतो?"

प्रतिमाने तोंड उघडलं आणि मिटलं. "तेही खरंच," ती म्हणाली.

सुमेधाला ग्लोव्हज नकोच होते. त्या जाड बोटांनी कुणी हातचलाखी करतं का? तिने चार बोटं ठेवून देठ कापले, सुपाएवढी पानं बाजूला टाकली, फावड्याने गड्डा उचलला आणि माती झाडायला बसली. मोठ्या कंदाभोवती अंड्याएवढी सहासात पिल्लं बिलगलेली होती. यंदाही पिल्लं धरली नाहीत असं प्रतिमा परवाच म्हणाली होती, ते आठवून सुमेधाच्या मनातला उरलासुरला संकोचही गेला.

"शैलेंद्र काय करतोय बघ," ती हळूच म्हणाली. "लिंबाची कुंडी जिन्यातून तिरकी नेतोय."

प्रतिमाने खुर्ची वळवली. "अरे शैलेंद्र, खालून धर, खालून!" तेवढ्या वेळात सुमेधाने एक पिल्लू मोडून घेतलं. पण ठेवायचं कुठे? ती योगा पँट घालून आली होती आणि त्या पँटला बनवणाऱ्याने एकही खिसा दिला नव्हता. तिने स्वेटर उचलला आणि कंद कमरेच्या इलॅस्टिकमध्ये खोचला, मोडलेली ओली बाजू कातडीकडे. मग उरलेले कंद तिने इतक्या प्रेमाने वर्तमानपत्रावर मांडले की प्रतिमाला भरून आलं.

"तू होतीस म्हणून गं," प्रतिमा म्हणाली. "आता चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

चहा आला, चिवडा आला. पहिला घोट घेताना सुमेधाच्या बोटांच्या बेचक्यांत काहीतरी चुळबुळलं. थंडीने असेल, ती मनात म्हणाली. दुसऱ्या घोटाला मनगटं हुळहुळली. तिसऱ्या घोटाला कमरेवर, बरोबर इलॅस्टिकच्या खाली, आग पेटली. खाज म्हणावी तर तो शब्द फारच सौम्य होता. ती खुर्चीत डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, पाठ खुर्चीला घासली.

"काय गं, ठीक आहेस ना?"

"हो नं. जरा कंबर आखडली. खणून."

"तुझी पण?" प्रतिमा कौतुकाने म्हणाली आणि स्वतःच्या कमरेची कथा पहिल्यापासून सांगू लागली. त्यात डॉक्टर होता, एक्सरे होता, शैलेंद्रचा बेफिकीरपणा होता. सुमेधा मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपल्या दुखण्याने मैत्रीण हेलावली असं वाटून प्रतिमाने कथा आणखी लांबवली. शेवटी सुमेधा उठलीच. "मी जरा पाणी घेते. तू उठू नको. बस."

ती जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात आली. चिंच कुठल्या डब्यात आहे ते तिला ठाऊक नव्हतं, पण बर्फ कुठे असतो ते जगात सगळीकडे सारखंच. तिने फ्रीझर उघडला, हात घातला, आणि हात तिथेच राहिला.

आत सात खोकी होती, एकावर एक नीट रचलेली. प्रत्येकावर केळीच्या पानात मांडलेल्या वड्यांचं रंगीत चित्र आणि वर ठळक अक्षरांत 'पात्रा'. खाली बारीक अक्षरांत सुरत.

सुमेधाने एक खोकं उघडून पाहिलं. तोच आकार, तीच चकती, तोच गुंडाळीचा वेढा. वरचं खोबरं आणि तीळ तेवढे नव्हते. सहा वर्षं ती हेच खात आली होती, आणि वर रेसिपी मागत आली होती. तिचं डोकं भणभणलं. तिला राग आला, अगदी खरा. पाठोपाठ हसूही यायला लागलं, आणि या दोन्हींच्या खाली कंबर पेटलेलीच होती. तिने स्वेटर वर करून मूठभर बर्फ तिथे दाबला. इलॅस्टिक ढिलं पडलं आणि कंद टपकन फरशीवर पडून घरंगळला.

तो जिथे थांबला तिथे प्रतिमाचे पाय होते.

प्रतिमाने आधी कंदाकडे पाहिलं, मग उघड्या फ्रीझरकडे, मग सुमेधाच्या उघड्या कमरेकडे. कंबर धरलेली असल्यामुळे तिला कंद उचलता येईना.

"चिंच वरच्या खणात आहे," ती म्हणाली. "निळं झाकण."

सुमेधाने चिंच कालवून कमरेला लावली. मग सुमेधा म्हणाली, "खाजतो."

"भयंकर," प्रतिमा म्हणाली. "पहिल्या वर्षी केल्या होत्या मी. शैलेंद्र दोन दिवस नुसतं आइस्क्रीम खाऊन होता. आणि मंडळात तर मी कबूल करून बसलेली. मग ही खोकी आणली, तळली, वर खोबरं घातलं. काकांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर सांगायचं का, की काका, हे सुरतेचं आहे?"

"मग दर वर्षी हा अळू कशाला लावतेस?"

"लोक घरी येतात गं. झाड दिसायला नको?"

सहा वर्षं ही बाई नुसतं दाखवायच्या झाडासाठी दर हिवाळ्याआधी कंद खणत होती, वाळवत होती, कागदात गुंडाळत होती. आणि कंद कुणाला का देत नव्हती, तेही सुमेधाला आता लख्ख कळलं. ज्याने लावला असता त्याला दुसऱ्याच महिन्यात सगळं समजलं असतं.

"माझी प्लेट्सवर बदली झाली तेव्हा तू पुण्याहून फोन केला होतास," सुमेधा म्हणाली. "म्हणालीस, फार वाईट वाटलं ऐकून. मला वाटलं, एक तरी माणूस आहे."

"खरंच वाईट वाटलं होतं," प्रतिमा म्हणाली, आणि तिचा चेहरा पाहून सुमेधाला ते पटलं. "कुणाला सांगशील?"

"सांगू कशी? तुझ्या फ्रीझरपाशी का गेले होते, ते पण सांगावं लागेल."

गराजमधून शैलेंद्रने काहीतरी आपटल्याचा आवाज आला, पण आज तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"मंडळाच्या दिवाळीला अळूवडी मी आणणार," सुमेधा म्हणाली. "आणि तू सगळ्यांसमोर सांगायचं, की उन्हाळ्यातच तू मला कंद दिला होतास म्हणून."

प्रतिमाने विचार केला. "खोकी किती नेतेस?"

"चार."

"ने. तळणीचं तेल नीट तापू दे, नाहीतर उलगडतात."

तीन आठवड्यांनी मंडळाची दिवाळी झाली. सुमेधाने वड्या खरपूस तळल्या, वर ओलं खोबरं, तीळ, कोथिंबीर घातली आणि नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. तिचं पातेलं टेबलावर येताच आसपासची बोलणी थांबली. ज्ञानदाने तर घसा आधीच खाकरून घेतला. मग प्रतिमा पुढे झाली आणि ठरल्याप्रमाणे म्हणाली, "यंदा उन्हाळ्यातच मी सुमेधाला कंद दिला होता हं. निर्धास्त खा."

मोरेश्वरकाकांनी एक वडी उचलली, डोळे मिटले. सुमेधाच्या छातीत धडधडलं. त्यातलं काहीच तिने केलेलं नव्हतं, तरी ते धडधडणं पुरतं तिचं होतं. काकांनी गिळलं, थोडं थांबले, घशावरून हात फिरवला आणि दुसरी उचलली. "अस्सल," ते म्हणाले. हॉलमध्ये हायसं झालं, हात पुढे आले, आणि ज्ञानदा स्वतः म्हणाली, "सुमेधा, पुढच्या पॉटलकला तू मेनमध्ये हं." सुमेधाला इतका आनंद झाला की तिने मनात लाज शोधून पाहिली, पण ती कुठे सापडेना.

तेवढ्यात प्रतिमाने एक वडी तोंडात टाकली. हळूहळू चावली. सगळे तिच्याकडे बघत होते, कारण शेवटी अळू तिचा.

"छान झाल्यात," ती म्हणाली. "मीठ किंचित कमी पडलं का गं?"

"मला पण वाटलंच," ज्ञानदा म्हणाली.

काकांनी तिसरी वडी खाता खाता मान डोलावली. "चांगली आहे, चांगली आहे. पण प्रतिमाच्या हाताला जे आहे ना, ते निराळंच."

सुमेधाने प्रतिमाकडे पाहिलं. त्याच फ्रीझरमधलं तेच खोकं होतं ते. प्रतिमा मान खाली घालून हसत होती.

"हो नं काका," सुमेधा म्हणाली. "मी अजून शिकतेय."