डावा खांदा

रविवारी सकाळी व्हर्लीन स्टब्ज पोरांची अंगं वाचायची. बावीस वर्षं हेच. शनिवारी सामना झाला की दुसऱ्या दिवशी, चर्चला जायच्या आधी, कॉलेजची अख्खी फुटबॉल टीम तिच्या मलमपट्टीच्या खोलीबाहेर उघड्या अंगाने रांग लावायची. तिच्या हातात प्रत्येकाच्या नावाचा कागद. कागदावर माणसाची नुसती आकृती छापलेली, तोंड आपल्याकडे, हात जरा फाकलेले. अंगावर जिथे काळंनिळं, तिथे ती कागदावर जांभळ्या पेनने रंगवायची. खाली तारीख, सही. एक प्रत फायलीत, एक टीमच्या डॉक्टरला.

कुठला डाग हेल्मेटचा, कुठला बुटाच्या खिळ्यांचा, ती बघून सांगायची.

"मिस व्हर्लीन, हा कशाचा, ओळखा बघू."

"हा तुझ्या घराच्या पायरीचा. पुढच्या वेळी पिण्याआधी घरी जा."

रांग खिदळायची. त्या रविवारीही खिदळत होती. शेवटी ब्रेकन सेयर आला. टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे अख्खा खेळ ज्याच्या हातात तो. हायवेवर पेट्रोलपंपापासून बाप्टिस्ट चर्चपर्यंत दर मैलाला ज्याच्या हसऱ्या दातांचा जाहिरातफलक लागलेला, तोच. त्याने शर्ट काढला आणि व्हर्लीनचं पेन थांबलं.

डाव्या खांद्याच्या हाडापासून एक जांभळा पट्टा छातीवरून तिरका उजव्या बरगड्यांपर्यंत उतरला होता. तीन बोटं रुंद, दोन्ही कडा सरळ.

काल दुपारच्या सामन्यात या पोराला कोणी शिवलंही नव्हतं. अडतीस गुणांची आघाडी झाल्यावर कोचने त्याला बाकावर बसवलं, तेव्हा त्याच्या पँटला गवताचा डाग नव्हता.

"हे काय?"

"वजनं मारत होतो, मॅम. बार घसरला."

"बार आडवा असतो, ब्रेकन. हे तिरकं आहे."

तो जाहिरातीतलं हसला. "मग तिरका घसरला असेल."

तिने जसं दिसलं तसं रंगवलं. तारीख घातली, सही केली. आधी लिहायचं, मग विचार करायचा, ही तिची सवय होती. या धंद्यात उलट करणारे टिकतात.

सोमवारी सकाळी खेळाडूंच्या भोजनगृहात अंड्यांच्या काउंटरमागे कोणी नव्हतं. तिथे सोळा वर्षं ओडेसा ग्रिग्ज उभी राहायची. कोणाला मक्याच्या लापशीवर चीज लागतं, कोणाला लोणी, कोणाची आई आजारी आहे, सगळं तिला पाठ. शनिवारी दिवस मावळताना ती पाळी संपवून मिल रोडने चालत घरी निघाली होती. मागून आलेल्या पिकअपने तिला उडवून ओढ्यात टाकलं. गाडी पुढे जाऊन पुलाच्या कठड्याला धडकली, आणि आतले लोक उतरून चालते झाले. ओडेसा चाळीस मिनिटं तिथेच पडून होती. आता दवाखान्यात होती, शुद्ध नव्हती.

पिकअप ब्रेकनचा होता. गावातल्या ज्या भल्या माणसाने तो त्याला वापरायला दिला होता, त्याने सोमवारी दुपारपर्यंत वकीलही दिला.

मंगळवारी कोच ट्रेंट स्ट्रिकलंडने सगळ्यांना खोलीत कोंबलं आणि दार लावून घेतलं.

"ऐका. गाडी ड्यूई प्रुइट चालवत होता. ब्रेकन शेजारी बसला होता. ड्यूईने तसं पोलिसांना सांगितलंय. तो आता आपल्या टीममध्ये नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा. ओडेसासाठी पण करा. बाहेर कोणी विचारलं तर काय म्हणायचं?"

"तपास चालू आहे, सर," शंभर पोरं एका आवाजात म्हणाली. त्यांना हे पाठ होतं. तीन वर्षांत तिसऱ्यांदा म्हणत होती.

ड्यूई प्रुइट म्हणजे कोण, हे अर्ध्या गावाला ठाऊक नव्हतं. शिष्यवृत्तीशिवाय टीममध्ये राहिलेला पोरगा. दोन वर्षं सरावात मार खायचा, सामन्यात टॉवेल धरून उभा राहायचा. ब्रेकनच्या खोलीत राहायचा, त्याचे कपडे धुवायचा.

व्हर्लीन भिंतीला टेकून उभी होती. इथल्या गाडीत चालक डावीकडे बसतो. सीटबेल्टचा पट्टा त्याच्या डाव्या खांद्यावरून उतरतो. शेजारच्याचा उजव्या. हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

बुधवारी फेंटन लव्ह आला. खेळ विभागाचा उपसंचालक. दारावर पद काहीही लिहिलेलं असो, काम एकच: पोरांनी केलेली घाण बाहेर वास येऊ न देता उचलायची. आवाज मधाचा.

"मिस व्हर्लीन, तब्येत कशी आहे? आईचं कसं काय? बरं, ब्रेकनचा रविवारचा कागद मिळेल का जरा?"

तिला वाटलं, फाडायला आलाय. दोन प्रती असतात हे याला माहीत नसेल. तिने कागद काढून दिला. लव्हने तो दोन हातात धरला, बोट रेघेवरून खाली नेलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे देवा. उजवा खांदा. शेजारी बसणाऱ्याचा! तुम्ही पोराला वाचवलंत. हा मी आजच पोलिसांना देतो."

व्हर्लीन बघत राहिली. आकृतीचं तोंड आपल्याकडे असतं. तिचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो. बावीस वर्षांत ती खोलीतल्या लोकांसाठीच लिहीत आली. डावं-उजवं लिहायची गरजच पडली नव्हती, कारण बाहेरच्या कोणी हे कागद कधी वाचलेच नव्हते. लव्ह कागदाकडे असा बघत होता, जसा माणूस नकाशाकडे बघतो.

त्याला खरंच उलटं दिसलं, की हवं तसं दिसलं, देव जाणे.

चार वर्षांपूर्वी टीमच्या तेव्हाच्या डॉक्टरने एका पोराला खेळायला मनाई केली होती, तेही जाहीर. पुढच्या सोमवारी त्याच्या दारावरची पाटी गेली आणि भिंतीला नवा रंग. कोणी त्याचं नावही काढलं नाही. ती पाटी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि ती गप्प बसली. लव्ह कागद घेऊन गेला. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

ब्रेकनला पोलिसांनी अजून तपासलं नव्हतं. वकील म्हणत होता, शनिवारच्या सामन्यानंतर बघू. आठवड्यात जांभळं हिरवं होतं, हिरवं पिवळं, आणि मग काही नसतं. म्हणजे तो कागदच काय तो पुरावा. आणि त्याच्यावर सही व्हर्लीनची.

गुरुवारी ड्यूई हेल्मेट आणि खांद्याचे पॅड परत करायला आला. मान वर करीना.

"शर्ट काढ," ती म्हणाली.

"मॅम, मी आता टीममध्ये नाही."

"मी तुला टीमचं विचारलं का? काढ."

त्याने काढला. पट्टा होता. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे.

ड्यूईने शर्ट छातीशी धरला.

"मिस व्हर्लीन, कोणाला सांगू नका ना. कोच म्हणाले, अपघात आहे, ओडेसामॅम बऱ्या होतील, मला थोडी समाजसेवा लावतील. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती पक्की. ब्रेकन अडकला तर सगळ्यांचं वाटोळं होईल, असं म्हणाले."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं रे?"

"टीमचं."

"आणि तू कोण?"

तो शर्टाशी चाळा करत राहिला. "मी ब्रेकनला म्हणालो, थांब, परत जाऊ. तो म्हणाला, हरीण होतं. हरणाच्या हातात पिशवी नसते, मिस व्हर्लीन. मी बघितली पिशवी."

तिने नवा कागद घेतला आणि त्याचा पट्टा रंगवला. या वेळी आकृतीच्या दोन्ही खांद्यांपाशी मोठ्या अक्षरांत 'डावा', 'उजवा' लिहिलं. फोनने त्याचे फोटो काढले, आणि या कागदाची एक प्रत नि ब्रेकनच्या कागदाची डॉक्टरसाठीची प्रत पर्समध्ये टाकली. ड्यूई रडत होता, पण त्याने तिला थांबवलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला ओडेसा ग्रिग्ज गेली.

कॉलेजने अकराला पत्रक काढलं. 'ओडेसा आमच्या कुटुंबातली होती.' कुटुंबाने तिला सोळा वर्षांत कधी गाडीने घरी सोडलं नव्हतं. पत्रकाच्या शेवटी शनिवारच्या सामन्याची वेळ होती.

बाराला डिटेक्टिव्ह बॅगेट तिच्या खोलीत आला. अंगात कॉलेजच्या रंगाचा शर्ट, कारण शुक्रवारी गावात सगळेच घालतात. मांडीवर वही, हातात तिचा कागद.

"मॅम, दोन मिनिटांचं काम. हा कागद तुमचाच?"

"माझाच."

"सही तुमची?"

"माझी."

"झालं तर. इथे एक सही करा. पोरगा शेजारी बसला होता, तुमच्या कागदाने ते सिद्धच होतंय. आता बाई गेली, तर ड्यूईवर मोठं कलम लागेल. वाईट वाटतं, पण काय करणार."

"डिटेक्टिव्ह, तुम्ही कागद उलटा वाचलाय."

"मॅम, मी तुम्हाला डावं-उजवं विचारलेलं नाही."

"उठा."

"काय?"

"उठा म्हणते ना! माझ्याकडे तोंड करून उभे राहा."

आवाज असा होता, की दीडशे किलोची पोरं त्यापुढे निमूट टेबलावर चढायची. बॅगेट उठला. व्हर्लीनने कातडीवर खुणा करायचा जाड मार्कर उचलला, समोरचा कागद वर धरला, आणि कागदावरची रेघ जिथे होती तिथूनच, बॅगेटच्या नव्या कोऱ्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत ओढली. कर्रर्र आवाज झाला.

"आता बघा खाली. कुठला खांदा?"

बॅगेटने खाली बघितलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"डावा," तो म्हणाला.

"आणि हा ड्यूईचा कागद. हे फोटो. लिहा आता."

त्याने लिहिलं. हळूहळू लिहिलं, पण लिहिलं. मग वही मिटून दाराकडे बघत, आवाज उतरवून म्हणाला, "मिस व्हर्लीन, हे सोमवारपर्यंत माझ्या वहीत राहील. त्याआधी वर नेलं तर माझीच वही हरवेल. तोवर तुम्ही एकट्या राहू नका. त्या पोरालाही एकटं ठेवू नका."

तो बाहेर पडला तेव्हा भोजनगृहात टीम जेवत होती. छातीवर तिरकी जांभळी रेघ घेऊन तो दोनशे डोळ्यांसमोरून चालत गेला. ब्रेकनच्या हातातला काटा तसाच राहिला.

दोन वाजता व्हर्लीनचं कार्ड दाराला लागेना. लाल दिवा. आतून, तिच्या जागी बसवलेल्या नव्या पोरीने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी कोच स्वतः तिच्या पोर्चवर आला. हातात बायकोने केलेला पीकान-नटचा गोड केक. टोपी काढली.

"व्हर्लीन, किती वर्षं ओळखतो आपण? तुझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, हे मी लोकांना सांगितलं नव्हतं. तुझी लाज राखली."

"माझी नजर ठीक आहे, ट्रेंट."

"विचार कर. गाव लहान आहे. तुझी आई घरी एकटी असते." केक त्याने कठड्यावर ठेवला. "गरम करून खा."

तिने तो केक कचऱ्यात टाकला, आईला बहिणीकडे पाठवलं आणि ड्यूईला घरी आणलं. गाड्या येत होत्या, घरासमोर सावकाश होत होत्या, पुढे जात होत्या. प्रत्येकीच्या खिडकीला कॉलेजचा झेंडा. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी दुपारी बॅगेटच्या फोनवर बाईने सांगितलं, ते रजेवर गेलेत. कधी येतील माहीत नाही. वही? कुठली वही, मॅम?

म्हणजे सोमवार येणार नव्हता.

व्हर्लीन ओट्याला टेकून उभी राहिली. मग घड्याळ बघितलं. पाऊण वाजला होता. एकला सामना. सामना सुरू झाला की या गावात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दुकानं बंद, चौकात पोलीस नाही, सगळे मैदानात. बावीस वर्षांत ती स्वतः त्या वेळी मैदानाबाहेर कधी नव्हती, म्हणून हे तिला आत्ता सुचलं.

"ऊठ ड्यूई. बूट घाल."

"कुठे?"

"साठ मैलांवर राज्य पोलिसांची चौकी आहे. ती या गावची नाही."

"आता? मॅम, सामना..."

"सामना आहे म्हणूनच."

दारातून निघताना स्टेडियमवरून पहिला गलका आला. भोंग्यावर ब्रेकनचं नाव, आणि त्यामागे साठ हजार गळे. त्याला बसवलं नव्हतं. अर्थातच नव्हतं. तपास चालू होता.

रस्ता मोकळा होता. मिल रोडच्या पुलाजवळ ड्यूईने डोळे मिटून घेतले. व्हर्लीनने मिटले नाहीत. तुटलेल्या कठड्याला कोणी प्लास्टिकची फुलं बांधली होती. पंधराएक मैलांनंतर आरशात एक पिकअप दिसला. झेंडावाला. तिने वेग वाढवला, त्यानेही वाढवला. ड्यूईने मागे बघितलं आणि परत बघितलं नाही.

"सामना सोडून आलाय," तो म्हणाला. "म्हणजे कोणीतरी पाठवलाय."

"माहीत आहे."

चौकीत एकच पोलीस होता, तरुण, नाकावर चष्मा. टेबलावर रेडिओ, त्यावर सामना. तिने दोन्ही कागदांच्या प्रती पुढ्यात ठेवल्या. त्याने रेडिओचा आवाज कमी केला. बंद केला नाही.

"एका बाईला गाडीने उडवलं," ती म्हणाली. "काल ती गेली. हा साक्षीदार आहे. याने आधी खोटं सांगितलंय, आता खरं सांगायचंय."

पोलिसाने फॉर्म ओढला. "गाडी कोण चालवत होतं?"

ड्यूईने व्हर्लीनकडे बघितलं. व्हर्लीनने त्याच्याकडे बघितलं नाही. हे तिने सांगून चालणार नव्हतं.

"ब्रेकन सेयर," ड्यूई म्हणाला. "मी शेजारी होतो. मी थांब म्हणालो होतो."

"कोणता सेयर?"

ड्यूईने रेडिओकडे बोट केलं.

पोलिसाचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. रेडिओतला माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता, सत्तर यार्ड, सत्तर यार्ड. पोलीस उठला. खिडकीशी गेला. बाहेर रस्त्यापलीकडे पिकअप उभा होता, इंजिन चालू.

"हा तुमच्याबरोबर आलाय?"

"मागून आलाय," व्हर्लीन म्हणाली.

त्याने दाराला आतून कडी घातली. ती कोणासाठी घातली, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळेना. परत येऊन तो खुर्चीत बसला, रेडिओची वायर उपटली आणि फॉर्म सरळ केला.

"स्पेलिंग सांग," तो ड्यूईला म्हणाला.

ड्यूई एकेक अक्षर सांगू लागला. बाहेर पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं दार. पोलीस लिहीत राहिला.